थोरल्या कॅप्टनची खुर्ची

पंकजाने गिरणीत गव्हाचा डबा ठेवला आणि जे रोज होत होतं तेच झालं. गिरणीवाला सहादेव हात झटकत म्हणाला, "काय कॅप्टन, आमचं भुजंगसायेब कदी माघारी यायचं?"

"त्ये कृष्णविवरात पडल्यात, भाऊ. तिथून कुनी माघारी येत न्हाई."

"मग तुमी पडायचं हुतं की!"

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पंकजाही हसली, कारण न हसावं तर लगेच "बाई लई शिष्ट हाय" असं गावभर व्हायचं. पण पीठ घेऊन घरी येईपर्यंत तिचं डोकं भणभणत होतं. दळण दळायला गेलं तरी भुजंग, दूध घालायला गेलं तरी भुजंग. बेलापुरात ज्याला त्याला तोच एक विषय होता.

या भुजंगाची गोष्ट सांगायलाच हवी. सात वर्षांपूर्वी बेलापूरच्या बिभीषणाने आपल्या रिकाम्या कांदाचाळीत एक अंतराळयान बांधलं आणि यूट्यूबवर 'यान आपलंच' नावाची मालिका सुरू केली. भंगारातल्या ट्रॅक्टरचा डॅशबोर्ड, ठिबकच्या नळ्या, भिंतींना चंदेरी कागद, झालं यान. अंतराळवीरांचे पोशाख पंकजाने शिवले, मोटारसायकल झाकायच्या चंदेरी कापडाचे. दर रविवारी संध्याकाळी नवा भाग यायचा आणि लोक तो भाकरीसोबत तोंडी लावल्यासारखा बघायचे. यानाचा कॅप्टन भुजंग म्हणजे गावचाच सूर्यभान. मिशी अशी की लिंबू ठेवावं. संकट आलं की मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "घाबरता कशाला, यान आपलंच हाय!" हे वाक्य घोडेगावच्या बैलबाजारात व्यापारी एकमेकांना ऐकवायचे.

आणि हे प्रेक्षक मनाने किती मोठे! एकदा मंगळावर कोंबडी आडवी गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. शनीच्या कड्यामागून विजेचा खांब दिसला, तोही पोटात घातला. सात वर्षं सगळं चालवून घेतलं. चालवून घेतली नाही ती एकच गोष्ट, नवी कॅप्टन.

सूर्यभानला मुंबईच्या एका मालिकेत हवालदाराचं काम मिळालं. तो पेढे वाटून गेला आणि बिभीषणाने घाईघाईत भुजंगाला कृष्णविवरात ढकलून दिलं. त्याच्या जागी कोण? पंकजा. पोशाख शिवता शिवता तिला सगळ्यांचे संवाद पाठ झाले होते. कधी रेडिओवरचा आवाज, कधी हिरव्या तोंडाची परग्रहवासी बाई, अशी कामं तिने केली होती आणि चांगली केली होती. बिभीषण म्हणाला, "वहिनी, कॅप्टन तारा तुमीच." त्या दिवशी तिला आनंदाने जेवण गेलं नाही. लग्नाआधी ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक गाजवायची, हे सासरी कुणाला ठाऊकही नव्हतं. घरात ती वैजनाथची बायको, शिवणाच्या दुकानात ब्लाउजवाली. चाळीतल्या त्या चंदेरी भिंतींमध्ये मात्र ती हुकूम सोडायची आणि यान हलायचं. ते काम तिला जिवापाड हवं होतं.

लोकांनी मात्र पहिल्याच रविवारी तिला सोलून काढलं. "बाई हसत नाही" म्हणून तक्रार. पुढच्या भागात हसली, तर "कॅप्टन आहे का हळदीकुंकवाला आलीय?" आवाज चढवला तर कर्कश, उतरवला तर मिळमिळीत. कुणी तिच्या कानातल्यांवर घसरला, कुणी चालण्यावर. एकाने लिहिलं, "अभिनय चांगला आहे, पण भुजंग नाही." आता यावर माणसाने काय करायचं? ती भुजंग नाही हे तिलाही मान्य होतं.

बिभीषणाने औषध काढलं. भुजंगाचा मफलर तिच्या गळ्यात घातला आणि भुजंगाचं वाक्य तिच्या तोंडी. पंकजा म्हणाली, "भाऊ, ह्ये माझ्या तोंडात बसत न्हाई." तो म्हणाला, "लोकांना सवय हाय, वहिनी." लोकांनी लिहिलं, "नक्कल करते, लाज नाही." मफलर काढला, तर "थोरल्या कॅप्टनची आठवण पुसायला निघाली." धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली.

"पयल्या वर्सी सूर्यभानलाबी शिव्याच पडल्या हुत्या," एकदा बिभीषणच म्हणाला. "मिशी खोटी हाय म्हनायचे."

"मग लोकांना तसं सांगा की."

"लोकांना सांगून काय हुतंय? अजून दोन-तीन भाग बघू. न्हाईच जमलं तर उल्का पाडतो. तारा खलास, आन् भुजंगाचा जुळा भाऊ आनतो कुठून तरी."

उल्का! सात वर्षं ज्या यानाच्या शिवणी उसवल्या की तिनेच टाके घालायचे, त्यातून तिला असं दगड मारून हाकलणार होते.

बाहेरच्यांचं जाऊ द्या, घरात तरी काय होतं? सासू राहीबाई दर रविवारी ओट्यावर मोबाईल तांब्याला टेकवून बसायची आणि सुनेच्या तोंडावर सांगायची, "त्या भुजंगाचा रुबाब न्यारा हुता बाई. तुला त्याची सर न्हाई." सासरे बन्सीआप्पा खाटेवरून मान डोलवायचे. वैजनाथ डेअरीवरून उशिरा यायचा आणि या भानगडीत पडायचा नाही.

राहीबाईला गावात कुणी राहीबाई म्हणत नसे. ती धाकली. बन्सीआप्पांची पहिली बायको यमुना लग्नानंतर दोन वर्षांत वारली, ती थोरली. तिच्यामागून राहीबाई या घरात आली आणि चालीप्रमाणे तिच्या गळ्यात थोरलीचा टाक घातला गेला, चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली बोटाच्या पेराएवढी बाई. घास घेण्याआधी राहीबाई तो टाकाला लावायची, चहाची बशी आधी टाकाला टेकवायची, नवं लुगडं आधी टाकाला दाखवायची. हे इतकं रोजचं होतं की घरात कुणाचं तिकडे लक्षही जात नसे.

लक्ष गेलं बिभीषणाचं. तो एके दिवशी पुढच्या भागाचं बोलायला आला होता. राहीबाईने त्याला चहा दिला, स्वतःची बशी टाकाला लावली आणि मग ओठाला. बन्सीआप्पा फुंकर मारत नेहमीसारखे म्हणाले, "थोरली आलं ठेचून घालायची." बिभीषण एकदम ताठ बसला.

"वहिनी, सापडलं!"

त्याला काय सापडलं होतं ते चाळीत गेल्यावर कळलं. बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा भुजंगाचा बिल्ला काळ्या दोऱ्यात ओवून त्याने पंकजाच्या गळ्यात घातला. कॅप्टनची खुर्ची रिकामी. तारा पहिला कप खुर्चीपुढे ठेवणार, "घ्या, सायेब" म्हणणार, मग आपला कप उचलणार. आणि हुकूम द्यायचे ते खुर्चीच्या बाजूला उभं राहून.

"मी बसायचंच न्हाई?"

"बसायचं न्हाई. त्यातच मजा हाय."

ती उभी राहिली. अख्खा भाग उभी राहिली. आणि रविवारी जे झालं त्यावर तिचा विश्वास बसेना. लोक विरघळले. "आता शोभली." "जागा ओळखून वागते, संस्कार आहेत." "भुजंगसाहेबांची आठवण येऊन रडलो." शेकड्याने लाल बदाम आले. सोमवारी गिरणीत सहादेवने तिचा डबा सगळ्यांच्या आधी लावला.

"आता कसं! मान ठिवला थोरल्याचा," तो म्हणाला.

बिभीषण खूश, उल्का रद्द. पंकजालाही खूश व्हायला हवं होतं. पण ती एकेक अभिप्राय वाचत गेली तसा तिचा संताप वाढत गेला. इतक्या गर्दीत तिच्या कामाबद्दल एकानेही एक अक्षर लिहिलं नव्हतं. सगळं कौतुक रिकाम्या खुर्चीचं! पोहणाऱ्याला सोडून काठावरच्या चपलांना हार घालावा, तसला प्रकार.

राहीबाईने तो भाग पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. कप खुर्चीपुढे ठेवण्याची जागा आली तेव्हा तिचा हात गळ्यातल्या टाकावर गेला.

"पंके, ह्ये माझं घेतलंस व्हय?"

पंकजा घाबरली. "आत्या, त्या बिभीषणभाऊंनी... तुमाला राग आला आसंल तर—"

"लोकं काय म्हनत्यात?"

"चांगलं म्हनत्यात. आता शोभली म्हनत्यात."

"म्हननारच." राहीबाई मोबाईलकडेच बघत होती. "मलाबी म्हनले हुते. नवी आले तवा बाया म्हनायच्या, थोरली आशी पुरनपोळी करायची, थोरली आशी बोलायची. माजं काय बी गोड लागंना. मग पयला घास तिला द्याया लागले, तवा म्हनले, धाकली शानी हाय. चाळीस वर्सं झाली पोरी. थोरली न्हाई कुठं, तरी मी धाकलीच. आन् तिला मी बघितलीबी न्हाई कदी. तिनं कुठं मागितला हुता पयला घास? मागनारी ही मानसं."

खाटेवर बन्सीआप्पा खोकले. राहीबाई उठली आणि चुलीकडे गेली. पंकजा तिथेच बसून राहिली. तिला सासूची कीव आली आणि लगेच स्वतःचा राग आला, कारण चाळीस वर्षांनी आपणही असंच कुणाला तरी सांगत बसू हे तिला स्पष्ट दिसलं.

पुढच्या भागाचं चित्रीकरण सुरू झालं. बिभीषण मोबाईल स्टँडवर लावून म्हणाला, "वहिनी, कप खुर्चीफुडं." पंकजाने कप उचलला. खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची कसली, सलूनमधली जुनी. तिच्या फाटक्या गादीला ठिगळ तिनेच लावलं होतं. तिने गळ्यातला बिल्ला काढून डॅशबोर्डवर ठेवला, खुर्चीत बसली आणि चहा पिऊन टाकला.

"यान फुडं घ्या," ती म्हणाली. आवाज ना चढा, ना उतरता. तिचा होता तसा.

बिभीषणाने डोक्याला हात लावला. "वहिनी, ह्ये काय केलं? लोकं फाडून खातील!"

"खाऊ द्या. उभं ऱ्हाऊन पाय दुखले माजे. दाखवायचं तर ह्येच दाखवा, न्हाईतर मला उद्यापासून बलवू नका."

दुसरं काही करायला वेळ नव्हता. रविवारी तोच भाग गेला आणि लोकांनी खरंच फाडून खाल्लं. "शेवटी दाखवलीच जात." "भुजंगाच्या खुर्चीत बसायची लायकी आहे का?" "डोक्यावर चढवलं की असंच होतं." आठ दिवसांपूर्वी ज्यांनी बदाम पाठवले होते त्यांनीच आता दगड उचलले होते. बिभीषणाचा फोन आला. तो चिडला नव्हता, ते आणखी वाईट.

"वहिनी, माझा विलाज न्हाई. फुडच्या रविवारी उल्का. शेवटचा भाग चांगला करू तुमचा, हार-बिर घालू."

पंकजाने फोन खाटेवर फेकला. रडायलाही येईना, इतका राग आला होता. मेल्यावर हार घालणार होते! जिवंतपणी खुर्चीत बसू दिलं नाही आणि फोटोला जागा देणार होते.

राहीबाईने चहा आणला. ओट्यावर तांब्याला टेकवलेल्या वैजनाथच्या जुन्या मोबाईलवर भाग आता कुठे सुरू झाला होता. तारा खुर्चीत बसली तसे बन्सीआप्पा नाराजीने म्हणाले, "भुजंग आसता तर—"

"न्हाई ना पर त्यो!" राहीबाई कडाडली. "ही हाय. गप बघा."

राहीबाईने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारून सरळ प्याली. टाक गळ्यातच होता, तिने त्याला हात लावला नाही. भाग संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "बरी बसलीस. फुडं काय हुतंय?"

सात वर्षांत सासूने तिच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. आणि आला तो असा, सगळं संपल्यावर! पंकजाला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

"फुडं काय न्हाई, आत्या. मी मरती. डोक्यात दगड पडतो वरनं."

"कुनी ठरवलं?"

"बिभीषणभाऊंनी. लोकांना पसंत न्हाई मी."

"मी लोकांत न्हाई व्हय? लाव त्याला फोन."

पंकजाने खाटेवरचा फोन उचलून नंबर लावून दिला. राहीबाईने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी ओरडली, "बिभीषणा, त्यो दगड पाडायचा न्हाई! ही बसलेली मला आवडली!"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आवाज ओळखू आला नसावा. राहीबाई थांबली. बन्सीआप्पा तिच्याकडे बघत होते, पंकजा बघत होती. "धाकली" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता, तो तिने गिळला.

"राही बोलती," ती म्हणाली. आणि पलीकडच्याला तरीही कळेना, म्हणून पुन्हा ओरडली, "कोन राही म्हनून काय इचारतो? राही! राही बोलती मी!"