चाळीस मुलांचे ठोकळे

विजया मॅडमनी उलथन्याच्या टोकानं खोक्याची चिकटपट्टी फाडली आणि खोकं वर्गाच्या मधोमध उपडं केलं. लाकडी ठोकळे धडाधड फरशीवर पडले. चौकोनी, लांबट, गोल खांबांचे, कमानीचे. पडवीत पोषण आहाराची भांडी पालथी घालत असलेली यमुनाबाई धावत दारात आली.

"काय सांडलं वो मॅडम? आन माहं उलथनं कायले घेतलं?"

"खेळणं आलंय. चाळीस मुलांचं."

यमुनाबाईनं वर्गात नजर फिरवली. वर्गात पूजा होती. म्हणजे पटावर जेवढी मुलं होती, तेवढी सगळी हजर होती.

सावरगावकडची मुलं हिंदी शाळेच्या व्हॅननं जात, मोहगावकडची इंग्रजीच्या. मराठी शाळेत तिसरीतली पूजा तेवढी उरली होती, आणि तीही आजपुरतीच. तिच्या बापाला, प्रतीकला, बोरगावच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. तिथं खोली घेतली होती. तीन वाजता तो दाखला न्यायला येणार होता. दाखला मॅडमनी सकाळीच लिहून ठेवला होता. तीनदा वाचला, तरी त्यात चूक म्हणून सापडली नाही.

सौसरला, तालुक्याच्या गावी, बदली मिळावी म्हणून मॅडमनी आजवर तीन अर्ज केले होते. पट शून्यावर आला की बदली आता आपोआपच होणार होती. घरच्यांनी कालच पेढे आणायचं काढलं होतं. मॅडम म्हणाल्या, घसा बसलाय.

सध्या मात्र फोटोची घाई होती. शाळा संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून दोनदा विचारणा झाली होती: समूह खेळाचा फोटो अ‍ॅपवर टाका, किमान तीन मुलं, खेळणारे हात दिसावेत, चेहरे नकोत. चेहरे नकोत हे बरं होतं. गेली तीन वर्षं मॅडमनी पूजाचे हात धुताना काढले होते, झाड लावताना पाय काढले होते, ताट काढलं होतं, वही काढली होती. ती अख्खी पोरगी तुकड्यातुकड्यानं वरपर्यंत पोचली होती. चेहऱ्याचा फोटो मात्र एकही नव्हता. आज समूह खेळ उरकला की एक नीट काढायचा, आपल्या स्वतःसाठी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. वेणीही त्यांनीच पुन्हा घालून दिली होती.

"यमुनाबाई, बसा खाली. बांगड्या वर सरकवा."

"मी? माह्या नातवाले मिसरूड फुटलं मॅडम."

"हाताला कुठं फुटलंय?"

यमुनाबाई पदर तोंडाला लावून हसली आणि बसली. हातपंपावर बादली भरायला आलेला सुखदेव खिडकीतून हे सगळं पाहत होता. शाळेला लागून त्याची संत्र्याची झाडं, म्हणून पाण्याला रोज तिथंच. कोणी बोलावलं नसताना तो चपला काढून आत आला.

"तीन झाले की सुखदेवभाऊ," मॅडम म्हणाल्या.

"असू द्या नं. चौथा असला तं काय शाळा मोडते?"

तो यमुनाबाईशेजारी मांडी घालून बसला.

पूजानं कामं वाटून दिली. तिला वर्गात सांगायला कोणी नव्हतं, त्यामुळे हुकूम सोडायची हौस साठून राहिली होती. "आजी, तुमी चूल करा. आबा, तुमी गोठा. मॅडम, तुमी शाळा बांधा. मोठी."

"आणि तू?"

"मी पोट्टे आणून राहिली."

बारके ठोकळे खोक्याच्या तळाशीच अडकून राहिले होते, ती ते आणायला गेली. एकेक आणून ती भिंतीशी रांगेत मांडू लागली. प्रत्येकाला नाव होतं. अंकुर, राजू, तृप्ती. रोज व्हॅनमधून जाताना तिला हात करणारी.

मॅडमनी फोन तांब्याला टेकवून ठेवला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि परत येऊन मांडी घातली. फोन घसरला. छताचा फोटो निघाला. पुन्हा लावला. यावेळी सुखदेवची टोपी आली. मॅडमनी टोपी काढायला लावली.

तोवर शाळेच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. मॅडमनी तिसऱ्यांदा बटण दाबलं. दारासाठी कमान हवी होती आणि शेवटची कमान यमुनाबाईच्या चुलीवर होती.

"ती द्या इकडे."

"माही चूल पडते नं मॅडम."

"चुलीला कमान कशाला हो? गॅस आला तुमच्याकडे."

"मतलब तुमाले शाळा, आन आमाले धूर?"

"गोठ्याले पन कमान लागते," सुखदेवनं मधेच हात घातला. "बैलाचे शिंग अडते."

"बैल विकून बारा वर्षं झाले तुमाले!"

"भांडू नका," पूजा खोक्यात डोकं घालून ओरडली, "पोट्टे पाहून राहिले!"

तिघंही हसले. तेवढ्यात फोन खट्कन वाजला आणि बाहेर मोटारसायकल थांबली. प्रतीक अर्धा तास आधीच आला होता. बोरगावच्या घरमालकानं चावी द्यायला चारची वेळ दिली होती. त्यानं दाखला घेतला, मॅडमच्या पाया पडला, पूजाला पडायला लावलं. पूजा उठता उठता म्हणाली, "अजून पोट्टे उरले आहे खोक्यात. तुमी आणजा." मॅडमनी फोन हाती घेतला, बाहेर येईस्तोवर गाडी वळणावर पोचली होती. पूजानं मागं वळून हात केला. एवढ्या लांबून वेणी दिसली, हात दिसला.

त्या आत आल्या आणि फोटो उघडला. मधे अर्धी शाळा. तिच्याभोवती सहा हात. सुखदेवचे भेगाळलेले, यमुनाबाईचे बांगड्या पुन्हा खाली घसरलेले, आणि कमान ओढणारे त्यांचे स्वतःचे. भिंतीशी बारके ठोकळे रांगेत. पूजा कुठंच नव्हती. बोटभरही नाही.

"नीट आला का?" यमुनाबाईनं विचारलं.

"आला."

अ‍ॅपनं विचारलं, खेळणाऱ्या मुलांची संख्या? मॅडमनी तीन लिहिलं. हिरवी खूण आली.

सुखदेव टोपी घालून उठायच्या बेतात होता. यमुनाबाईनं ठोकळे भरायला खोकं ओढलं.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "शाळा चारला सुटते."

त्या परत फरशीवर बसल्या. "सुखदेवभाऊ, तुमचा गोठा तिकडे सरकवा जरा. छप्पर घालायचंय."