फुंकरीचं पाणी

बंद पडलेल्या थिएटराला बऱ्याच वर्षांनी गर्दी लाभली होती. पडद्यापुढच्या ओट्यावर बाबा बसले होते. पुढ्यात पाण्याची मोठी बरणी, मांडून ठेवलेले काचेचे पेले आणि एक पितळी नळी. घसा धरलेले, अंगात ताप असलेले आणि नुसतेच घाबरलेले, असे सगळे एकमेकांच्या मानेवर खोकत रांगेत उभे होते.

"फुंक!" बाबा गरजले.

एका हमालाने नळी तोंडात धरून पेल्यातल्या पाण्यात फुंकर सोडली. बुडबुडे आले आणि बघता बघता नितळ पाणी दुधासारखं पांढरं झालं. बायकांनी तोंडाला पदर लावले, पुरुषांनी हात जोडले.

"बघा, हा रोग! डॉक्टर सुई टोचून याला आत कोंडतो, वर दाराला नोटीस लावून तुम्हालाही कोंडतो. आमच्याकडे कोंडाकोंडी नाही. आम्ही थेट हाकलतो. फुंक, थांबू नकोस!"

बाबा डोळे मिटून पुटपुटू लागले. हमाल लालबुंद होईस्तोवर फुंकत राहिला आणि पांढरं पाणी हळूहळू पुन्हा नितळ झालं.

"गेला! जा, नोटीस फाड आणि कामाला लाग." बाबांनी पेला बदलला, नळी बाहीला पुसली आणि पुढच्याच्या तोंडात दिली.

पेला नवा, नळी तीच. मी पालिकेच्या दवाखान्याची डॉक्टर, आणि शहरात घटसर्पाची साथ होती. या रोगात घशात राखाडी पापुद्रा धरतो, मान सुजते आणि विष हृदयापर्यंत पोचतं. वेळेत इंजेक्शन मिळालं तर बहुतेक माणसं वाचतात. म्हणून नियम सरळ आहे. संशय आला की डॉक्टरने, शाळेने, घरच्यांनी, ज्याला कळेल त्याने त्याच दिवशी कळवायचं. आजारी माणूस इस्पितळात, घरचे घरात. सगळ्यांचे घसे तपासून निर्धोक निघाले की दार मोकळं. पण दारावरच्या नोटिशीला लोक रोगापेक्षा जास्त भीत. दूधवाला दार टाळतो, गिऱ्हाईक तुटतं. मी दारोदार विचारत फिरत होते आणि घरोघरी सगळे ठणठणीत होते. एका घरात आतून खोकल्याची उबळ ऐकू आली, तर मालक म्हणाला, "रेडिओ लागलाय."

ते ठणठणीत लोक शोधतच मी थिएटरात आले होते. त्या रांगेत मला माझा धाकटा भाऊ दिसला. खांद्यावर त्याची पोर, शेजारी भावजय. तिचा पाय जमिनीवर ठरत नसे म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले होते. आता तिला मानसुद्धा उचलवत नव्हती. मी तिच्या गळ्याचा मफलर सोडला. मान दोन्ही बाजूंनी सुजली होती.

"कधीपासून हे?"

"साधा घसा आहे, ताई." भाऊ माझ्याकडे बघेना. तो शिंपी. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेश शिवून तो वर्षाची बेगमी करतो, आणि हेच ते दिवस होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"वन्सं, सांगितलं असतं तर तुम्ही कळवलं असतं," भावजय म्हणाली.

"कळवलंच असतं!"

"मग? सख्ख्या भावाची चहाडी?"

"भांडायला वेळ नाही. आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला."

तेवढ्यात त्यांची पाळी आली. भाऊ मला खांद्याने बाजूला सारून ओट्यावर गेला. भिंगरीच्या तोंडात नळी दिली, पण तिला फुंकवेना. नुसती लाळ गळली. बाबा क्षणभर चाचरले, मग म्हणाले, "बापाने फुंकावं. रक्त एकच!"

भावाने तीच नळी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकलं. पाणी पांढरं झालं. तो फुंकत राहिला. पाणी नितळ झालं.

"बघितलंस ताई? गेला!" त्याचे डोळे भरून आले होते.

माझं डोकंच फिरलं. बाप पोरीला सोडेना आणि गर्दी वाट देईना. मी ओट्यावर चढले, बरणीत बोट बुडवलं आणि चोळून बघितलं. बुळबुळीत. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर एकजण सोडा पीत होता. त्याच्या हातातली बाटली घेऊन मी बरणीतल्या पाण्याच्या पेल्यात ओतायला लागले. पाणी पांढरं झालं. आणखी ओतत गेले, तसं ते निवळलं.

"काय हो, सोड्याच्या बाटलीला घटसर्प झाला होता? आणि लगेच बरापण झाला? अहो, ही चुन्याची निवळी आहे! आपल्या श्वासात जो वायू असतो, तोच सोड्यात. तो निवळीत गेला की पांढरी भुकटी तयार होते, आणखी गेला की ती विरघळते. धडधाकट माणसाने फुंकलं तरी हेच होणार. आत्ता कोणी फुंकलं? बापाने! मग पोरीचा रोग कसा गेला? रोग या नळीवर आहे, आणि ती तुम्ही तोंडातोंडी फिरवताय."

मला वाटलं, पटलं. मग मागून एकजण ओरडला, "बाबांनी सोड्यातला दोषही काढला!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा माझ्याकडे बघून प्रेमळ हसले.

भाऊ मात्र हसला नाही. तो त्या पेल्याकडे आणि मग पोरीकडे बघत राहिला. "म्हणजे मी नुसता माझाच श्वास..." एवढंच बोलून त्याने भिंगरीला माझ्या हातात दिलं.

इस्पितळात इंजेक्शन दिलं. पापुद्रा सुटू लागला, पण विष आधीच हृदयात उतरलं होतं. मी तिची आत्या आणि मीच डॉक्टर. तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसून राहण्यापलीकडे मला काही म्हणता काही करता आलं नाही. भिंगरी गेली.

तिचे आईबाप तेव्हा घरात बंद होते. दाराला नोटीस मीच लावली होती, सांगायलाही मीच गेले. खिडकीबाहेर उभी राहून सांगितलं. भावजयीने गजांवर डोकं आपटलं. तिच्या केसांवरून हात फिरवायलाही मी आत जाऊ शकत नव्हते.

बऱ्याच वेळाने भाऊ खिडकीशी आला. "ताई, आमच्यामागे नळीसाठी इस्त्रीवाला उभा होता. मग त्याची सासू. मग बालवाडीच्या बाई, पोटुश्या आहेत त्या. कळव. माझं नाव सांग. म्हणावं, त्याने फुंकलं, पाणी नितळ झालं आणि पोरगी गेली."

मी तिन्ही दारांशी गेले. इस्त्रीवाल्याने दार उघडलंच नाही. सासूने मला अपशकुनी म्हटलं. बालवाडीच्या बाई तेवढ्या घसा तपासायला आल्या. थिएटरात मात्र रांग तशीच आहे. पोलिसांना कळवलंय, ते बघतो म्हणालेत.

म्हणून हे लिहितेय. चुना पाण्यात कालवा, वरची निवळी घ्या, आपापल्या नळीने, पाणी तोंडात जाऊ न देता फुंकून बघा. हा चमत्कार तुमच्या स्वयंपाकघरातही होतो. पण घशात पापुद्रा दिसला तर तासभरही थांबू नका, दवाखान्यात कळवा. शेजारी दडवत असेल तर त्याचंही कळवा. तो तुम्हाला शिव्या देईल, मलाही देईल. देऊ दे. शिव्या द्यायला तो उरेल तरी.