दोन चापांची रायफल

अशरफला शिकारीतलं काडीचंही कळत नव्हतं. ही गोष्ट त्या घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होती: स्वतः अशरफला, त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे हारूनला, आणि मला. मी नूरुद्दीन. आधी आगबोटीवर स्वयंपाक करायचो, मग कुवेतला उतरलो आणि तिथल्या मिरकाब मोहल्ल्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी चुलीला लागलो. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. हारून त्याचा ड्रायव्हर होता. आम्ही सगळे रत्नागिरीकडचे.

साल अठ्ठावन्न. हारूनने अरबाबच्या हातापाया पडून मेव्हण्याला बोलावून घेतलं होतं, पण त्याला आणखी माणूस नकोच होता. थंडीभर बघतो, उपयोगी पडला तर ठेवतो, नाहीतर परत पाठवतो, असं त्याने तोंडावर सांगितलं. त्यावर हारूनने ठोकून दिलं की हा पोरगा आमच्या मुलखातला नावाजलेला शिकारी आहे. अरबाबला शिकारीचं वेड. झालं. अशरफचं राहणं की जाणं, सगळं त्या एका थापेवर येऊन बसलं.

"दुलाभाय, मी आजाची दुनळी नुसती खांद्यावरून वाहिलीय," अशरफ हारूनला म्हणाला. "बार कधी काढला नाय."

"मग वाहायचं काम नीट कर. आणि अरबाबला कायपण विचारू नको. शिकारी माणूस विचारत नाय."

मला तेव्हाच चीड आली होती. थाप मारणाऱ्याची जीभ सुटते आणि निस्तरायला दुसराच बसतो. पण मी तरी काय बोलणार? मला माझी चूल बरी.

अरबाबने नवी जर्मन रायफल मागवली होती. नळी एकच, पण चाप दोन, एकामागे एक. अशरफने ती हातात घेतली आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आमच्याकडच्या दुनळीलाही दोन चाप असतात, प्रत्येक नळीला आपापला. ओढूनही बार झाला नाही, तर ती नळी रिकामी आहे किंवा काडतूस सादळलेलं आहे, एवढंच गावात समजतात. आणि ते चाप असे कडक की माणसं बोट चापावर टेकवूनच रान तुडवतात. इथे नळी एकच, तेव्हा एक चाप बिनकामाचा असणार, असं अशरफने मनाशी ठरवून टाकलं. विचारायची सोयच नव्हती.

शुक्रवारी जीप घेऊन आम्ही सुलैबियाच्या पुढे वाळवंटात गेलो. चहापाण्यासाठी मीही होतो. सकाळचं ऊन नुकतंच तापू लागलं होतं. लांबवर एक हरण दिसलं. अरबाबने जीप थांबवायला लावली, उतरून बॉनेटवर रायफल टेकवली आणि गोळी झाडली. हरण लंगडत चार उड्या मारून गेलं. अरबाबने दुसरी गोळी भरली, मागचा चाप ओढला. नुसता टक असा आवाज आला. तेवढ्यात हरण आपणहून खाली बसलं.

अंगात जीव आहे तोवर सुरी फिरली तरच ते खाण्यासारखं, म्हणून हारून सुरी घेऊन धावत सुटला. हे काम नेहमी त्याचंच असायचं. अरबाबने रायफल अशरफच्या हातात दिली आणि दुर्बीण उचलली.

अशरफने तो टक ऐकला होता. त्याच्या हिशेबी काडतूस फुकट गेलं होतं. त्याने रायफल आडवी धरली, सवयीने बोट पुढच्या चापावर टेकवलं. चाप ओढला नाही, बोट नुसतं टेकवलं. तरी बार झाला. हारून हरणाच्या जवळ पोचला होता. तो तोंडावर पडला.

आम्ही धावलो. गोळी पाठीतून गेली होती. जीपमध्ये मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अशरफ त्याचे पाय धरून "दुलाभाय, दुलाभाय" एवढंच म्हणत होता. हॉस्पिटल येण्याआधीच हारून गेला. हरण सुरी न लागताच मेलं, तेही हराम झालं आणि तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी आला. मी चहा घेऊन गेलो, तेव्हा अरबाब त्याला रिकामी रायफल दाखवत होता. मागच्या चापाने गोळी सुटत नाही. तो फक्त आतली कमान ताणून ठेवतो. मग पुढच्या चापाला नुसता स्पर्श पुरतो. एरवी चाप जोराने ओढताना नळी हलते, लांबचा नेम चुकतो, म्हणून ही सोय. आणि गोळी झाडायची नसेल तर मागचा चाप दाबून धरून पुढचा अलगद ओढायचा आणि मग मागचा सावकाश सोडायचा, किंवा सरळ गोळी भरायचा बोल्ट उघडायचा. आडवं पडून, श्वास रोखून एकच गोळी मारणाऱ्याला ती सोय मोलाची असेल. जीप उडवत हरणांमागे धावणाऱ्याला तिचा काय उपयोग, ते मला आजही समजलेलं नाही. अरबाबला सगळं येत होतं. त्याने फक्त बोल्ट उघडला नव्हता.

"तो शिकारी आहे, त्याला माहीत असेल असं मला वाटलं," अरबाब अधिकाऱ्याला म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं.

अरबाब वाईट माणूस नव्हता. हारूनच्या घराला आधार हवा, म्हणून त्याने हारूनची जागा अशरफला दिली. तीच जीप, तीच खोली. अशरफची नोकरी पक्की झाली.

वर्षभराने तो सुट्टीवर गावी गेला. निघताना मला म्हणाला, "नूरुद्दीनभाय, मी शरीफाबूला सगळं सांगणार. गोळी माझ्या हातून सुटली ते." शरीफा म्हणजे त्याची बहीण, हारूनची बायको. त्याला वाटत होतं, ती चपलेने मारील, घराबाहेर काढील, त्याच्या पैशाला हात लावणार नाही. मग त्याला कुवेत सोडता येईल.

त्याने सांगितलं. शरीफा खूप रडली. त्याच्याकडे पाठ करून बसली. दोन्ही पोरं दारात उभी होती. मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "परत कधी जातोस?"

"आता जायचं मन नाय, बू."

"मग माझी पोरं काय खातील?"

अशरफ परत आला, आणि हे सगळं त्याने मला सांगितलं. शुक्रवार आला की अरबाब रायफल घेऊन जीपमध्ये बसतो आणि अशरफ गाडी चालवतो. हरण पडलं की सुरी घेऊन तोच धावतो. अरबाबच्या हातात रायफल असते, आणि अशरफ एकदाही मागे वळून बघत नाही.