'यामे' म्हणजे थांब
बिदरच्या नौबाद भागातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये पंचशीला आयकिडो ही जपानी युद्धकला शिकवायची. पुण्यात नोकरी करता करता तिनं काळा पट्टा मिळवला होता. बिदरला परतल्यावर चटया टाकून वर्ग सुरू केला. तिचा एकच कडक नियम होता: आत आलं की जपानी शब्द. सुरू करायचं तर 'हाजिमे', थांबायचं तर 'यामे'. कन्नड, मराठी, दखनी सगळं चपलांबरोबर बाहेर. या शब्दांपुढं सगळेच नवखे, म्हणून तिला ते आवडायचे. कुणाची गल्ली कोणती, ते त्यांतून कळत नव्हतं.

जूनमध्ये वृंदा मॅडम वर्गात आल्या. वय त्रेपन्न, शाळेत मराठीच्या शिक्षिका. पंचशीलाही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती 'न्हाई' म्हणाली की मॅडम तिला बाकावर उभं करायच्या, 'नाही' म्हणेपर्यंत बसू द्यायच्या नाहीत. बाकीची पोरंही न्हाईच म्हणायची, पण उभी राहायची ती पंचशीला. आता त्याच मॅडम 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणून तिच्यापुढं वाकायच्या. जुन्या दिवसांचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

एका मंगळवारी मॅडमची जोडी संघपालबरोबर लागली. तो पंचशीलाचा सगळ्यात जुना विद्यार्थी. त्यानं मॅडमना पालथं पाडलं आणि त्यांचा हात खांद्यातून वर दाबला. सहन होईना की चटईवर थाप मारायची किंवा 'यामे' म्हणायचं, जोडीदार लगेच सोडतो. पण मॅडमचा मोकळा हात अंगाखाली अडकला होता.

"आई गं! सोड रे, सोड!"

संघपालचा हात सैल झाला. त्यानं पंचशीलाकडं बघितलं.

"धरून ठेव," ती म्हणाली. "शब्द म्हणा, मॅडम."

मॅडम कळवळून वळायला गेल्या आणि खांद्यात कट्कन वाजलं.

शस्त्रक्रिया झाली. संघपाल भेटेल त्याला सांगत सुटला की चूक त्याची होती. पंचशीलानं आठ दिवस ते ऐकून घेतलं. नवव्या दिवशी ती मॅडमच्या घरी गेली.

"शब्द मला पाठ होता गं," मॅडम म्हणाल्या. हात गळ्यात बांधलेला होता. "ऐन वेळी आलाच नाही."

"मॅडम, संघपाल सोडायलाच हुता. तुमाला दुखायलंय हे मला कळलं हुतं. तरी मीच धरून ठेव म्हणलं."

"का?"

"तुमी मला बाकावर उभं करायच्या. ते आठवलं."

मॅडमनी गळ्यातली पट्टी सारखी केली. मग म्हणाल्या, "मला नाही आठवत. खरंच आठवत नाही, पंचशीला."

तिला वाटलं होतं, मॅडम रागावतील, नाहीतर माफी तरी मागतील. चहा न घेताच ती उठली.

त्याच संध्याकाळी तिनं वर्गात सगळ्यांसमोर काय घडलं ते सांगितलं. काहीही लपवलं न्हाई. कोणत्याही भाषेतलं ओरडणं म्हणजे 'यामे', असं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सहा जण आलेच न्हाईत.

संघपाल आला. चटई झाडता झाडता म्हणाला, "अक्का, मला आठ दिवस कामून बोलू दिलं?"

त्यानं चटई अंथरली आणि तिच्यापुढं न बसता दुसऱ्याच जोडीदारापुढं जाऊन बसला.

सोमवारी मॅडमचा फोन आला. टाके काढायचे होते, रिक्षात एकटीला चढवत नव्हतं. पंचशीला गेली. वाटभर दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या.