चपलांची लाल माती

ताईने अंथरूण धरलं, तेव्हा तिची सायकल धाकट्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. चौतीस वर्षं ताई त्या सायकलवरून बाळंतपणं करत हिंडली. कुणाच्या दारात ती काळी सायकल दिसली, की शेजारच्या बाया न सांगता पाणी तापत ठेवायच्या. शेकडो पोरांना पहिला श्वास घ्यायला लावलेल्या त्या बाईचा स्वतःचा श्वास आता आखूड होत चालला होता. टेकडीपलीकडच्या रुग्णालयात, खिडकीजवळच्या खाटेवर, नाकात नळी घालून ती पडून होती.

भेटायची वेळ पाच ते सहा. धाकटी दुकान आवरून निघायची ती सव्वाचारला, आणि बस टेकडीला लांबलचक वळसा घालून, मध्ये एकदा बदलून, सहाला पाच कमी असताना तिला दारात सोडायची. उशी सरळ करेपर्यंत घंटा व्हायची.

"माझी सायकल घे," एकदा ताई म्हणाली. "टेकडीवरून आलीस तर पाऊण तास."

"अगं, अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी झाले मी!"

"मग बरंच की. घोडीला चढ जमतो."

लहानपणी ताई तिला शिकवायला निघाली होती. धाकटी दोन हात पुढे गेली आणि भोकाड पसरून घरी पळाली. ताईने पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता. आज काढला, म्हणजे दिवस मोजके उरलेत, हे धाकटीला न सांगता कळलं.

रविवारी सकाळी गोदामामागच्या मोकळ्या जागेत नवऱ्याने मागून सीट धरली.

"सोडू नका हं!"

"नाही गं बाई, धरलंय घट्ट."

आवाज लांबून आला. सायकल चालली होती, एकटी, तिची ती! मग समोर भिंत आली. तीस वर्षं पायमशीन चालवलेल्या बाईच्या हाताला थांबायची एकच रीत ठाऊक होती: चाकावर तळहात ठेवायचा, की सुई जागच्या जागी थांबते. ब्रेक विसरून तिने हँडल सोडलं आणि पुढचं चाक धरायला खाली वाकली.

"सायकल आहे ती, ब्लाउज नव्हे!" नवरा हसत धावत आला. मग तिचा सोललेला तळहात त्याला दिसला. त्याने पाणी आणलं, शर्टाच्या टोकाने हात पुसला. पुढचे तीन दिवस तिला कात्री धरवली नाही.

ताईला सांगितलं, तर ती खोकला येईपर्यंत हसली. खोकला बराच वेळ थांबला नाही. थांबला तेव्हा तिने डोळे मिटले आणि अडलेल्या बाईला धीर देताना म्हणायची, तसं हळूच काहीतरी जुळवून म्हटलं:

"एक पाय वर गं, एक पाय खाली,
पडली तिची लाज कसली, उठली ती निघाली."

"हे म्हणत चालव. ओळ अखंड निघते तोवर चाल बरोबर. ओळ तुटली, की दम संपला समज. मग हळू हो. घाई करून कुणी लवकर पोचत नाही, शिंपीणबाई."

पहिल्या आठवड्यात पाण्याच्या टाकीपर्यंत. तेवढ्यानेच मांड्यांची लाकडं झाली. मशीनवर बसली, की पाय थरथरायचे आणि टीप वाकडी पडायची. एक दिवस चालवायची, एक दिवस विसावा. दुसऱ्या आठवड्यात वीटभट्टी. चौथ्यात चढाचा पायथा. आणि मग चढ. उभ्या कापलेल्या लाल मातीतून वर जाणारा, वळणावळणाला छाती दडपणारा. तिथे पहिली ओळसुद्धा 'वर गं'पाशीच तुटायची. उतरायची, ढकलायची, पुन्हा बसायची. पण साडेपाचच्या आत ताईच्या खाटेशी असायची.

"किती वेळा उतरलीस?"

"चारदा."

पंधरा दिवसांनी तीनदा. मग दोनदा. एका संध्याकाळी ताईचे ओठ निळसर दिसले आणि धाकटी पटकन बोलून गेली, "आज एकदाही नाही!"

ताईने मान कलती करून खाटेखाली पाहिलं. "मग चपलांना लाल माती कशी? उडून आली?"

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ताईने तिचा हात थोपटला. "खोट्याने बरी व्हायची असते, तर केव्हाच झाले असते. खरंच न उतरता ये एकदा. मला बघू दे."

धाकटीची ओळ लांबत गेली आणि ताईचं बोलणं आटत गेलं. आधी गोष्टी सांगायची, मग वाक्यं, मग नुसता एखादा शब्द. दोघींनाही ते दिसत होतं.

एका दुपारी रुग्णालयातून फोन आला. "भेटायचं असेल तर आता या. वेळेचं बघू नका."

नवरा गाडी शोधायला नाक्याकडे धावला. धाकटीला थांबवेना. मशीनवर अर्धी बाही तशीच टाकून तिने सायकल काढली. टाकी गेली, वीटभट्टी गेली. चढाला लागताना पाय भरधाव पळू बघत होते. तिने त्यांना आवरलं. ओळ धरली. एक पाय वर गं. पहिलं वळण. एक पाय खाली. दुसरं. घाम डोळ्यांत उतरला, छातीत कळ आली, ओळ कुजबुजीएवढी बारीक झाली. पण तुटली नाही. माथ्यावर पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण उतरलोच नाही.

ताईचे डोळे उघडे होते. बोलणं नव्हतं. धाकटीने खाटेच्या कडेवर पाय टेकवला आणि चपलेचा तळ वर करून दाखवला. दुसराही दाखवला. धूळ होती. लाल माती नव्हती.

ताईने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोटं हलली, धाकटीच्या मनगटावर आली आणि जुन्या सवयीने नाडीवर थांबली. ओठ हलले. धाकटीने कान जवळ नेला.

"उतरताना... ब्रेक."

दिवस कलायच्या सुमाराला ती बोटं सैल झाली.

रुग्णालयातलं सगळं आवरल्यावर नवरा म्हणाला, "सायकल राहू दे इथेच. मी आणलेल्या गाडीतून चल."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही मागून या."

माथा ओलांडल्यावर चढाचा आता उतार झाला होता. चाक आपोआप वेग घेऊ लागलं. तिचा उजवा हात एकदा उचलला गेला, चाकावर तळहात ठेवून सगळं जागच्या जागी थांबवायला. मग तिने तो परत हँडलवर आणला आणि दोन्ही ब्रेक हळूहळू आवळत, ती ओळ म्हणत, खाली निघाली.