ठिगळांचा हॉल

पाण्याच्या मशीनची नळी सुटली आणि ऑफिसच्या निम्म्या मजल्यावर पाणी पसरलं. कार्पेट बसवणाऱ्या दादाला सकाळीच बोलावणं आलं. एका हॉलात त्यानं सहा वर्षांपूर्वी अंथरलेलं अखंड रोलचं कार्पेट होतं. भिजलं होतं दारापुरतंच, पण उचलायचं म्हणजे सगळंच. चौदा टेबलं, कपाटं, माणसं, सारं बाहेर.

पॅसेजपलीकडच्या हॉलात मात्र कार्पेट टाइल्स होत्या. साफसफाईच्या मावशींनी भिजलेले बारा चौकोन पत्त्यांसारखे उचलले, भिंतीला टेकवून वाळत ठेवले आणि स्टोअरमधले जादाचे बारा बसवून टाकले. चहा संपेस्तोवर माणसं कामाला लागलीसुद्धा.

"तुमचं बरंय दादा, सगळा मजला हलवायचा मान तुम्हालाच!" मावशी म्हणाल्या.

दादाला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. टाइल्सच्या त्या हॉलातला खांबाभोवतीचा काप त्यानं ओळखला होता. सुरी आधी हलकी, मग दाबून. धाकट्या भावाला हे त्यानंच शिकवलं होतं.

त्याच धाकट्यानं चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर सांगून पाहिलं होतं, "दादा, आपणही टाइल्स घेऊया. डाग पडला तर तेवढाच तुकडा बदलायचा. आणि रोल ताणायला गुडघ्यानं धक्के मारून मारून तुझा गुडघाच कामातून जाईल रे."

"ठिगळं लावायला मी काय शिंपी आहे?" दादा म्हणाला होता. गिऱ्हाईक खो खो हसलं. धाकटा हसला नाही. हत्यारांची पिशवी उचलून गेला, तो गेलाच.

आज गुडघा वाकत नव्हता. भिंतीचा आधार घेत दादा कसाबसा खाली टेकला आणि त्यानं फोन लावला.

"तुझंच खरं होतं. इथे टाइल्स टाकायच्यात. येतोस? दोघं मिळून करू."

धाकटा म्हणाला, "माझी दोन माणसं पाठवतो. हात चांगला आहे त्यांचा."

"आणि तू?"

"मला नाही जमायचं, दादा."

"बरं. मग कसं बसवायचं ते तरी सांग."

धाकटा सांगू लागला. सुरुवात हॉलच्या मध्यापासून, टाइलच्या पाठीवरचे बाण एका दिशेला, कापलेले तुकडे कडेला, थोडे जादा ठेवायचे. अगदी नीट, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. यातलं निम्मं दादाला ठाऊक होतं. तरी तो नुसता "हं, हं" करत राहिला. सांगून संपलं की धाकटा फोन ठेवणार होता.