मधली चादर

बेल वाजली तशी इस्त्रीवालीनं एका हाताने दोरीवरचे चिमटे काढले आणि दुसऱ्या हाताने चादर खाली ओढली. पलीकडे लिफ्टवाल्यानं आपली गादी गुंडाळून पलंगाखाली ढकलली, आपली उशी पलंगावर तिच्या उशीशेजारी टेकवली आणि कोपऱ्यातल्या तिच्या चपला आणून स्वतःच्या चपलांच्या जोडीला लावल्या. चादरीच्या घड्या पडेपर्यंत तो दाराशी पोचला होता.

"अहो, बघा ना कोण आलंय," ती बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

दारात खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई होत्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग नव्हता, म्हणून त्यांनी आख्खी इमारतच वर्गात घेतली होती.

"संध्याकाळी सभेला दोघांनी यायचंय," त्या म्हणाल्या. "पालिका मागच्या मैदानावर सात मजली स्वस्त घरं बांधतेय. आज गप्प बसलो तर उद्या खिडकीत ऊन येणार नाही. आणि तुम्ही लिफ्ट दुरुस्त करणारे, तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही बोलायचं."

"बोलेन की," लिफ्टवाला म्हणाला.

मास्तरीणबाईंनी खोलीवरून नजर फिरवली. "नाहीतर आमच्या शेजारचे. रोज भांडीकुंडी वाजतात. तुमचा आवाज म्हणून कधी ऐकला नाही बाई!"

आवाज कुठून ऐकू येणार? चार वर्षांपूर्वी दोघांचा घटस्फोट झाला होता. रीतसर, कोर्टात. तिथून दोघं एकाच बसनं घरी आली, कारण जायला दुसरं घर नव्हतं. एकट्याच्या पगारात कुणालाच भाडं झेपत नव्हतं, आणि घरमालक तर कुटुंबाशिवाय कुणाला जागा देत नव्हता. म्हणून इस्त्रीवालीनं ती काम करायची त्या हॉटेलच्या लाँड्रीतून एक बाद झालेली डबल चादर आणली, दोरी बांधली, आणि खोलीचे दोन भाग केले. खिडकी आणि पलंग तिच्याकडे, दार आणि दिव्याचं बटण त्याच्याकडे. पाहुणा आला की चादर खाली, पाहुणा गेला की वर. एकान्तात ती त्याला 'तू' म्हणायची, चारचौघांत 'अहो'. संसार मोडल्यावर दोघांनी तो इतका नीट मांडला होता की इमारतीत त्यांचा दाखला दिला जायचा.

लिफ्टवाला दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. त्यानं एकदा तिला न विचारता तिचं शिलाई मशीन विकून टाकलं होतं आणि वर "तू कुठे शिवत होतीस?" असं विचारलं होतं. अशा 'तू कुठे'चा डोंगर झाला आणि एक दिवस तिचं मन उठलं ते उठलंच. तिला दुसरा नवरा नको होता, दुसरं दार हवं होतं. जे आपण लावलं तर लागेल आणि आपण उघडलं तरच उघडेल.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. पालिकेच्या बाई समोर नकाशा लावून उभ्या होत्या. बिचाऱ्या शांत होत्या. शिव्या खायची सवय असलेलं माणूस असतं तशा.

ऊन अडणार, त्याचं काय? पाण्याला आधीच जोर नाही, वरच्या मजल्याला काय थेंब मोजायचे? गाड्या कुठे लावणार? बाई एकेकाला उत्तर देत होत्या आणि उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न येत होता.

"आमचा गरिबांना विरोध नाही हो," मास्तरीणबाई शेवटी म्हणाल्या. "घरं व्हायलाच हवीत. फक्त इथे नकोत."

"मी जाते तिथे सगळीकडे हेच ऐकते," पालिकेच्या बाई म्हणाल्या. "सगळ्यांना हवीत, फक्त तिथे नकोत."

मग लिफ्टवाला उठला. एरवी मोजून मापून बोलणारा हा माणूस त्या दिवशी असा काही सुटला की विचारू नका.

"सात मजले आणि लिफ्ट एकच? ती बंद पडली की म्हातारी माणसं, गरोदर बाया काय करणार? मी रोज अडकलेली माणसं बाहेर काढतो. आत कोंडलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही पाहिलंय का?"

टाळ्या पडल्या. इस्त्रीवाली मागच्या बाकावर बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. चार वर्षं पाहतोच आहेस की तो चेहरा, तिला वाटलं. तुझ्या दिव्याच्या बटणापासून हाताच्या अंतरावर.

आणि ती उठली. उठायचं असं ठरवलं नव्हतं. बाकाला पदर अडकला, तो तिनं हिसका देऊन सोडवला.

"एकट्या बाईला मिळेल का तिथे घर?"

सगळे मान वळवून बघायला लागले.

"कुणासाठी विचारताय?" पालिकेच्या बाईंनी विचारलं.

"माझ्यासाठी. माझा घटस्फोट झालाय." तिनं लिफ्टवाल्याकडे बोट केलं. "यांच्याशी."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मास्तरीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. लिफ्टवाला अजून उभाच होता, आणि बसावं की बाहेर जावं हे काही त्याला ठरवता येत नव्हतं.

"काही घरं आहेत तशा बायकांसाठी," पालिकेच्या बाई सावकाश म्हणाल्या. "पण तुम्ही खरंच वेगळ्या राहत असाल तर. घर मिळावं म्हणून कागदावर घटस्फोट घेणारी जोडपीही येतात आमच्याकडे."

"वेगळीच राहते. मधे चादर आहे."

"चादर," बाई म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. "ठीक आहे. आमचा माणूस येऊन बघेल. सांगून येणार नाही. त्याला वेगळं दिसलं, तर घर तुमचं."

घरी जाताना दोघं एकाच फूटपाथवरून चालली, मधे एका माणसाची जागा सोडून.

"लिफ्टचं कशाला काढलंस?" तिनं विचारलं. "मी जाऊ नये म्हणून?"

तो म्हणाला, "सात मजल्यांना एक लिफ्ट खरंच कमी आहे. अडकलीस तर मलाच बोलावतील."

"मी जिन्याने जाईन."

"हं," तो म्हणाला.

त्यानंतर त्यांच्या दाराची बेल वाजायची थांबली. मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या की पायऱ्यांकडे बघत उतरायच्या. घरमालक अजून काही बोलला नव्हता, पण समोर आला की घसा खाकरायचा. वाटी मागायला कुणी नाही, निरोप सांगायला कुणी नाही. चादर रात्रंदिवस दोरीवर राहिली आणि इस्त्रीवाली रोज पलंगावर बसून खिडकीतून मैदानावरचे खड्डे बघत राहिली. खड्डे खोल होत होते. तिला आनंद व्हायचा, आणि भीतीही वाटायची की हा आनंद कुणाची तरी नजर लागून जाईल.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती पलंगावर पडली होती. पलीकडे तो पेचकस पुसत बसला होता.

बेल वाजली.

चिमटे निघाले, चादर खाली आली. गादी पलंगाखाली गेली, उशी उशीला लागली, चपला चपलांशेजारी. "अहो, बघा ना कोण आलंय," असं ती म्हणाली, आणि चौथी घडी घालताना तिचे हात जागच्या जागी थांबले. अरे देवा! पण तोवर त्यानं दार उघडलं होतं.

"लिफ्ट बंद आहे वाटतं," दारातला किडकिडीत माणूस धापा टाकत म्हणाला. "मी पालिकेकडून. चादरीचं घर हेच ना?"

तो आत येऊन स्टुलावर टेकला, चष्मा काढून शेजारी ठेवला, घाम पुसला आणि खोलीकडे बघितलं. एक पलंग. दोन उशा.

"चादर कुठाय?"

"ही काय," इस्त्रीवालीनं हातातली घडी पुढे केली. "आत्ता काढली. बेल वाजली म्हणून."

"म्हणजे मी आलो म्हणून?"

"पाहुणे आले की काढतो आम्ही," लिफ्टवाला म्हणाला. "थांबा साहेब, दाखवतो."

त्यानं चादरीचं एक टोक धरलं, तिनं दुसरं. दोघांनी एकदम झटकली, एकदम वर टाकली. तिनं न बघता हात पुढे केला, त्यानं न बघता तिच्या हातात चिमटा दिला. मग दुसरा. तिसरा तिच्या तोंडात होता, तो तिनं त्याला दिला. एक शब्द न बोलता चादर दोरीवर चढली, एकही सुरकुती न पडता.

पालिकेचा माणूस कौतुकानं बघत होता.

"किती वर्षं झाली?"

"चार," दोघं एका सुरात म्हणाली.

तो हसला. चांगला माणूस होता, हेच तर दुर्दैव. "आमच्या घरी मच्छरदाणी लावतानासुद्धा दोघांची तोंडं दोन दिशांना असतात. भांड्याला भांडं लागतंच, वहिनी. एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का?"

"मी तुमची वहिनी नाही," इस्त्रीवाली म्हणाली. आवाज चिरकला. "मला जायचंय हो इथून. खरंच जायचंय."

"बरं, बरं. मला दिसलं ते मी सांगतो." आणि तो जिना उतरून गेला.

ती चादरीच्या आपल्या बाजूला पलंगावर बसली. रडू येत नव्हतं. स्वतःच्या हातांचा संताप येत होता. दिवसभर लोकांच्या चादरींच्या घड्या घालून हे हात असे झाले होते की त्यांना मालकीण उरली नव्हती.

"उशी कशाला ठेवलीस?" ती चादरीला म्हणाली.

"तू चादर कशाला काढलीस?" चादर म्हणाली.

वाऱ्याने चादरीची खालची कड हलली तेव्हा तिला पलीकडचं स्टूल दिसलं. त्यावर पालिकेच्या माणसाचा चष्मा राहिला होता.

बेल वाजली.

ती उठलीसुद्धा. हात चिमट्याकडे गेला, पहिला चिमटा निघाला, तिनं चादर ओढली. चादर येईना. तिनं वर पाहिलं. दोरीवरून पलीकडची चार बोटं अलीकडे आली होती, आणि त्यांनी चादर दोरीसकट मुठीत घट्ट आवळून धरली होती. नखांत ग्रीस होतं.

तिचा हात खाली आला.

"दार उघडंच आहे, साहेब," लिफ्टवाला पलीकडून मोठ्यानं म्हणाला, पण जागचा हलला नाही. "या आत. आणि आता नीट बघा."